उणे अठरा

पाच खोल्या होत्या. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या खोलीत प्रत्येकी चार थर्मामीटर. तिसरी सर्वांत लांब, म्हणून तिच्यात सहा. एकूण बावीस. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी असे तीनदा ते वाचले जात, म्हणजे दिवसाला सहासष्ट नोंदी. या नोंदी आधी रजिस्टरमध्ये लिहिल्या जात, मग पीसीमध्ये भरल्या जात. पीसी एक, प्रिंटर एक, खुर्ची एक.

त्या खुर्चीवर मथुरा बसायची. ती मनोरीची. सकाळी होडीने मार्वेला उतरून, दोन बस बदलून ती अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या या मासळीच्या शीतगृहात यायची. आधी दोन वर्षं तिने इथेच सोलाईच्या शेडमध्ये काढली होती. शेडमध्ये दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात घालून कोळंबी सोलायची असते. तिची बोटं तेव्हा इतकी फाटत की टायपिंगच्या क्लासला ती कापडाच्या पट्ट्या गुंडाळून जाई. तरी चाळीसच्या वेगाची परीक्षा पास झाली आणि वर, ऑफिसात आली.

गुरुवारी, ११ ऑगस्ट १९८८ रोजी, मी तिची सही घ्यायला गेले.

झालं होतं ते असं. सोमवारी दुपारपासून तिसऱ्या खोलीचा एक व्हॉल्व्ह अडकला होता आणि खोली तापत चालली होती. माल उणे अठराच्या वर जाऊ द्यायचा नसतो. सोमवारचा आणि मंगळवारचा, दोन्ही दिवसांचे रिपोर्ट मात्र ‘सर्व ठीक’ असे निघाले. बुधवारी परदेशी गिऱ्हाइकाचा तपासनीस आला, त्याने खोक्यात थर्मामीटरची सुई खुपसली आणि तिसऱ्या खोलीचा सगळा माल नाकारला. रिपोर्ट काढणारा प्रोग्राम आमच्या ऑफिसने दिला होता, माझे वरिष्ठ विद्याधर सरांनी लिहिलेला. शीतगृहाचे मॅनेजर अंबादास राऊत यांनी फोन केला. सरांनी उत्तरादाखल एक पत्र तयार केलं: प्रोग्राम अठरा महिने तपासलेला आहे, चूक ऑपरेटरची आहे. त्याखाली ऑपरेटरची सही हवी होती. सही झाली की सोमवारपासून मथुरा परत शेडमध्ये, हे राऊतांनी ठरवून टाकलं होतं.

मला नोकरीला लागून दोन महिने झाले होते. त्याआधी घाटकोपरला कॉलेजात तीन वर्षं फिजिक्स.

मथुराने पत्र वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडे सरकवलं.

“शिकलेली माणसं सही मागायलाच येतात काय गं?”

मी म्हटलं, चूक नसेल तर सांग कुठे नाही ते.

“कागदावर होता तोच आकडा टाकला मी. तो बघ कागद. तुला डोळे हायत ना?”

कागद भिंतीला चिकटवलेला होता. राऊतांचीच सूचना, आठ तारखेपासून लागू: परदेशी तपासणी असल्यामुळे यापुढे सर्व तापमानं चिन्हासह, पूर्ण लिहावीत. तोपर्यंत तशी पद्धत नव्हती. शीतगृहात ‘उणे’ हा शब्द कोणी उच्चारतच नाही. तिथे सगळंच शून्याखाली, म्हणून अठरा म्हणजे उणे अठरा हे हमालापासून मॅनेजरपर्यंत सर्वांना ठाऊक. ‘तीन नंबर तेरावर आली’ असं कोणी म्हणालं की ती बिघडली, असं समजायचं. रजिस्टरची जुनी पानं उलटली तर चारशे पानांत एकही उण्याची रेघ नव्हती. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला मी असा आकडा लिहिला असता तर वही परत आली असती.

मी सोमवारचं रजिस्टर हाताने तपासलं. सहासष्ट नोंदींपैकी बारा मर्यादेबाहेर होत्या. मथुराने पीसीमध्ये भरलेल्या सहासष्ट नोंदी त्यांच्याशी ताडून पाहिल्या. एकही वेगळी नव्हती.

मग मी तिला सोमवारची कमांड माझ्यासमोर पुन्हा टाइप करायला सांगितली. तिने न बघता केली:

TAPAS -d 08 -k -18

d म्हणजे दिवस, k म्हणजे कमाल मर्यादा. प्रिंटर चालला. सर्व ठीक.

“आता जुन्या पद्धतीने कर,” मी म्हटलं. तिने उण्याची रेघ गाळून नुसते 18 टाकले. प्रिंटर चालला. बारा ओळी आल्या.

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. तीच फाइल, तेच बोट, एका रेघेचा फरक. आणि बरोबर लिहिलेल्या आकड्यालाच चुकीचं उत्तर. मी दोन्ही कागद पत्रासोबत पिशवीत टाकले आणि सही न घेता निघाले. मागून ती म्हणाली, “शनिवारपर्यंत हाय मी हितं. मग शेडात ये भेटायला.”

ऑफिस चार गल्ल्या पलीकडे होतं. सर जेवायला गेले होते. मी त्यांच्या प्रोग्रामचा छापील कागद काढला. सी भाषेतला प्रोग्राम सुरू होतो तेव्हा कमांडमधला प्रत्येक शब्द त्याला सुटा सुटा, क्रमाने मिळतो. त्यातला कुठला शब्द म्हणजे -k सारखी खूण आणि कुठला म्हणजे खुणेची किंमत, हे ठरवण्याचं काम प्रोग्राम लिहिणाऱ्याचं. सरांनी ते एक्केचाळीस ओळींत केलं होतं. मी प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने लिहीत गेले, त्या ठिकाणी कुठला शब्द हातात आहे आणि मर्यादा किती आहे.

तेविसाव्या ओळीवर सापडलं. k ही खूण आली की प्रोग्राम पुढचा शब्द बघे. नुसते 18 असले तर ते उणे धरी. पुढचा शब्द रेघेने सुरू होत असेल तर तो समजे की ही दुसरी खूण आहे, म्हणजे k ची किंमत द्यायची राहिली; आणि मग ठरलेली मर्यादा तशीच ठेवी. ठरलेली मर्यादा होती शून्य. त्यानंतर तो -18 कडे वळे, ‘1’ नावाची खूण शोधे, ती यादीत नसे, म्हणून गुपचूप पुढे जाई. उणे तेरा हे शून्याखालीच असतं. सर्व ठीक.

सर आले तेव्हा मी तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. आधी त्यांनी सहीचं पत्र मागितलं. मी म्हटलं, सही नाही. त्यांनी चष्मा लावून माझी पेन्सिल वाचली, पुन्हा वाचली, आणि सांगितलं की ती ओळ त्यांनी मुद्दाम घातली होती. पहिल्या वर्षी दुसऱ्या एका कारखान्यात ऑपरेटर आकडा द्यायला विसरला आणि प्रोग्रामने पुढची खूणच आकडा म्हणून गिळली, म्हणून. आणि शीतगृहवाले उणे लिहीत नाहीत, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मॅन्युअलच्या सहाव्या पानावर उदाहरण 18 असंच होतं.

“मॅन्युअलप्रमाणे टाकलं असतं तर काही झालं नसतं,” ते म्हणाले. “तिने उणे अठरा टाकलं.”

“सर, खोलीत उणे अठराच असतं.”

 त्यांनी चष्मा काढला, पुसला.

“तुला काय वाटतं, मला ती बाई शेडमध्ये जायला हवीय? हाच प्रोग्राम आणखी सहा ठिकाणी चाललाय, सुलक्षणा. एक ओळ बदललीस आणि दुसरीकडे काही मोडलं, तर वाट लागली आपली.”

मी विचारलं, काही मोडलं नाही असं मोजून दाखवलं तर? त्यांनी शनिवार दुपारपर्यंतची मुदत दिली. पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि त्याच ड्रॉवरमधून एक झेरॉक्स काढून दिली. युनिक्सवाल्यांचं getopt नावाचं फंक्शन, दोन पानं, झेरॉक्सची झेरॉक्स, काही अक्षरं हाताने गिरवलेली. त्याची रीत साधी होती. कुठल्या खुणेला किंमत लागते हे आधीच सांगून ठेवायचं. तशी खूण आली की पुढचा शब्द तिचाच, मग तो रेघेने सुरू होवो की कशाने.

शुक्रवारी सकाळी मी ते टाइप करून घेतलं. उणे अठरा पहिल्याच फटक्यात चालले. पण सरांची जुनी अडचण जशीच्या तशी परत आली: k नंतर आकडा विसरला तर पुढची खूण गिळली जात होती. म्हणून मी ठरवलं की शब्द कोणाचा हे getopt ने सांगावं, आणि तो आकडा आहे की नाही हे मी तपासावं. पूर्ण शब्द आकडा म्हणून वाचता आला नाही तर प्रोग्राम थांबेल. अनोळखी खूण आली तरी थांबेल. ठरलेली मर्यादा मी काढूनच टाकली. मर्यादा सांगितली नाही तर रिपोर्ट नाही. चिन्ह नसलेले 18 मात्र उणेच धरायचे, कारण सहा ठिकाणच्या लोकांची सवय एका दिवसात बदलणार नव्हती.

मग माणसं काय काय टाइप करतात याची यादी केली. मर्यादा चार तऱ्हांनी: चिन्हासह किंवा चिन्हाविना, खुणेला चिकटून किंवा जागा सोडून. एखाद्याच खोलीचा रिपोर्ट हवा असेल तर खोली तीन तऱ्हांनी: -r3, -r 3, -r 03. दिवस दोन तऱ्हांनी: 8 किंवा 08. चार गुणिले तीन गुणिले दोन, चोवीस. तीन खुणा कुठल्याही क्रमाने येऊ शकतात, म्हणून गुणिले सहा. एकशे चव्वेचाळीस. त्या सगळ्या कमांड एका बॅच फाइलमध्ये भरल्या आणि दुपारी तीनला चालवल्या.

बहात्तर बरोबर आल्या. बहात्तर चुकल्या.

सर मागे उभे होते. “झकास,” म्हणाले, “अर्ध्या बायका शेडमध्ये.”

मला राग आला, पण बरोबर निम्म्या चुकल्या होत्या, आणि एवढी नेमकी चूक शोधायला सोपी असते. दोनच तऱ्हा असलेली गोष्ट एकच होती: दिवस. चुकलेल्या सर्व कमांडमध्ये 08 होता. आकडा वाचणाऱ्या फंक्शनला मीच मोकळीक दिली होती की शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा समज. त्या पद्धतीत आठ हा अंकच नसतो. ते शून्यावर थांबून परत येत होतं. खोली 03 सुटली, कारण तीन दोन्ही पद्धतींत तीनच. आणि पूर्ण शब्द वाचला गेला का ही तपासणी मी मर्यादेला लावली होती, दिवसाला लावलीच नव्हती. एका दिवसापूर्वी ज्या प्रकारच्या ओळीला मी पेन्सिलीने गोल केला होता, तसलीच ओळ माझ्या अक्षरात होती.

दशमान सक्तीचं केलं, तपासणी तिन्ही खुणांना लावली. पावणेपाचला पुन्हा चालवलं. एकशे चव्वेचाळीस बरोबर. त्यानंतर मुद्दाम चुकीच्या वीस कमांड दिल्या. वीसही वेळा प्रोग्राम थांबला आणि काय खटकलं ते सांगितलं. सरांनी छापील कागद नेऊन स्वतः ओळ न् ओळ वाचला. जाताना म्हणाले, उद्या तूच जा, मी फोन करून ठेवतो.

शनिवारी अकराला मी फ्लॉपी घेऊन शीतगृहात पोचले. राऊत खुर्ची ओढून पीसीजवळच बसले होते. मथुरा उभी होती, पदर खोचून, शेडमध्ये उभ्या राहतात तशी. मी काय सापडलं ते सांगितलं: तिने चूक केलेली नाही, तुमच्या कागदाप्रमाणे केलं, आणि आमचा प्रोग्राम तो कागद वाचायला शिकलेला नव्हता. ‘तुमच्या कागदाप्रमाणे’ हे शब्द राऊतांना आवडले नाहीत.

“म्हणजे माझं चुकलं?”

“नाही. तुम्ही बरोबर आकडा मागितलात. तिने बरोबर आकडा दिला.”

“आणि उद्या ही आकडाच द्यायला विसरली, मग?”

मी म्हटलं, करून बघा. त्यांनी स्वतः दोन बोटांनी टाइप केलं, मर्यादेची जागा रिकामी सोडली. प्रोग्राम थांबला, मर्यादेचा आकडा नाही, असं पडद्यावर आलं. त्यांनी 18 च्या जागी नाव टाकून पाहिलं. थांबला. एक भलतीच खूण टाकली. थांबला.

“हा तर हुज्जत घालतो,” राऊत म्हणाले.

“घालू द्या की, साहेब,” मथुरा म्हणाली. “आधीचा गप बसायचा, म्हनून तर मी मेली.”

राऊत उठले. सोमवारचं रजिस्टर त्यांनी स्वतः काढलं, बोट फिरवत मोजलं, आणि पान उघडं ठेवून त्यावर तळहात ठेवला.

“ऐक गं पोरी. सोमवारची फाइल. सोमवारचीच कमांड, एक अक्षर इकडचं तिकडे नको. आणि टाइप ही करेल, तू हात लावायचा नाहीस. माझे बारा आलेत. बारा आले तर ही इथेच बसेल, माझं तोंडी नको, मी तसं लिहून देतो. अकरा आले तरी शेड.”

मथुरा खुर्चीवर बसली. हात साडीला पुसले. TAPAS, जागा, -d, जागा, 08, जागा, -k, जागा, -18. एकदा वाचून बघितलं आणि एंटर दाबलं.

प्रिंटरने कागद वर सरकवला. नोंदी ६६. मर्यादा उणे १८. मर्यादेबाहेर १२: खोली ३, दुपार ६, संध्याकाळ ६. सर्वांत जास्त तापमान उणे १३.२.