घडी न मोडलेली साडी

मित्रांनो, मी एक जुनी साडी आहे आणि तरीही कोरी आहे. हे दोन्ही एकदम कसं, असं तुम्हाला वाटेल. माझ्या वयाच्या साड्यांच्या केव्हाच गोधड्या झाल्या, पायपुसणी झाली. माझी मात्र परवापर्यंत घडीसुद्धा मोडलेली नव्हती. आता अंगात जोर उरलेला नाही, तेव्हा सांगायचं ते भरभर सांगून टाकते.

माझा जन्म मागावर झाला. रंग चिंतामणी, काठ जरीचा, सूत निम्मं रेशमी. विणणाऱ्याच्या बायकोने घडी घालताना मला गालाला लावून पाहिलं आणि म्हणाली, "जिच्या अंगावर जाशील तिला शोभशील." तेवढ्या एका वाक्यावर मी घनसावंगीच्या दुकानात येऊन बसले.

दिवाळीच्या तोंडावर तिथे नंदाबाई नावाची एक बाई आली. दुकानदाराने ती टेकायच्या आतच विचारलं, "मावशी, नेसायच्या दाखवू का द्यायच्या?"

"द्यायच्याच दाखवा. नेसायला हायेत मला."

साड्यांमध्ये असे दोन प्रकार असतात हे मला त्या दिवशी कळलं. नेसायची साडी बाई खांद्यावर टाकून आरशात बघते. द्यायची साडी नुसती काठाला चिमटीत धरून बघते. मला चिमटीत धरलं गेलं.

मग माझी फिरती सुरू झाली. हळदीकुंकवाचं बोट लागायचं, कुणाच्या तरी मांडीवर मला ठेवलं जायचं, ती म्हणायची, "कशाला एवढं केलं!" आणि मी कपाटात. माझं कौतुक व्हायचं, नाही असं नाही. "चांगली हाय, देण्यासारखी हाय," म्हणायच्या. असलं कौतुक ऐकलं की माझ्या काठाची जर काळी पडायची! कुणी ब्लाउज पीस कापला असता तर मी सुटले असते, कारण कापलेली साडी पुढे देता येत नाही. पण कात्री हातात घेतली की प्रत्येकीला नेमकं कुणाचं तरी बारसं आठवायचं.

अशी फिरत फिरत मी जांब समर्थजवळच्या एका गावात दुर्गाबाईकडे आले. तिच्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी होती, आणि पेटीभर माझ्यासारख्याच. दुर्गाबाई वाईट नाही, हे आधीच सांगते. ऐन वेळी देणं कमी पडलं तर चारचौघांत मान खाली जाईल, एवढीच तिला भीती.

दुर्गाबाईचा नवरा कल्याण. त्याची धाकटी बहीण बेबीनंदा शहागडला दिलेली. तिच्या नवऱ्याचं हायवेवर पंक्चरचं दुकान, शेजारी तिचा भज्यांचा गाडा. एका भाऊबीजेला ती आली ती घरच्या चकल्या आणि दुर्गाबाईसाठी एक ब्लाउज पीस घेऊन. दुर्गाबाईची मोठी जाऊ सोनूबाई तिथेच बसली होती. तिने तो ब्लाउज पीस दोन बोटांत उचलला.

"एवढंच आणलं व्हय, बेबी? अन् न्यायला मातर साडी!"

थट्टाच होती. सगळे हसले, बेबीनंदाही हसली. संध्याकाळी ओवाळणीत मिळालेली साडी, म्हणजे मी, तिने कुणाला न कळू देता परत पेटीत ठेवली. ठेवताना माझ्यात तोंड खुपसून म्हणाली, "पुढच्या साली काय घेऊन येऊ मी?" आणि रडली. ते ओलं मी कुणाला दाखवू?

पुढच्या साली ती आली नाही. त्याच्या पुढच्या सालीही नाही. फोनवर एकच सांगायची, "दिवाळीला गाडा लई चालतो वहिनी, सुट्टीच न्हाई." बेबी साडी विसरून गेली, असं समजून दुर्गाबाई दर भाऊबीजेला मला वर काढायची, झटकायची, पुन्हा ठेवायची. आणि कल्याण चिडत गेला. "तिला भाऊ नकोसा झालाय. आता फोन बी करू नको."

मित्रांनो, ती का येत नाही हे त्या घरात एकट्या मला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं. मी पेटीत तळमळत राहिले. एकाच घडीवर वर्षानुवर्षं पडून राहिलं की सूत तिथेच विरत जातं, तेही मला कळत होतं. आधी मी संपणार की या बहीणभावाचं नातं, एवढंच बघायचं बाकी राहिलं होतं.

यंदा दुर्गाबाईला राहवलं नाही. भाऊबीजेच्या सकाळी कल्याणला न सांगता तिने मला पिशवीत घातलं आणि जीपने शहागड गाठलं. वहिनीला दारात बघून बेबीनंदा आधी हरखली, आणि लगेच तिचा चेहरा उतरला. पाणी द्यायचं सोडून ती आत पळाली. ट्रंक उघडली, कपडे उपसले, रिकाम्या हातांनी बाहेर आली आणि चप्पल घालू लागली.

"कुठं चालली?"

"दुकानात जाऊन येते जल्दी. तुम्ही पहिल्यांदा आल्या, तुम्हाला रिकामं कसं धाडू?"

दुर्गाबाईने तिचा दंड धरला.

"म्हणून येत न्हाईस व्हय तू? देण्याच्या धाकानं?"

बेबीनंदा उंबऱ्यावर बसली आणि तिने पदर तोंडात कोंबला.

दुर्गाबाईने मला पिशवीतून ओढलं. "ऊठ. आत्ताच्या आत्ता घडी मोड हिची."

केवढी वाट पाहिली होती मी या शब्दांची! मी उलगडले आणि टर्रकन फाटले. पहिल्या घडीवर, दुसऱ्या घडीवर, प्रत्येक घडीवर. दोघी बघतच राहिल्या.

"मीच दाबून दाबून मारली हिला," दुर्गाबाई म्हणाली.

"असू द्या वहिनी. पिना लावते. हीच नेसून भावाकडं चलते."

जीपमध्ये बायका बघत होत्या. बेबीनंदाच्या हातात पिशवीसुद्धा नव्हती. कल्याण ओट्यावर बसला होता. फाटक्या साडीतली बहीण बघून तो उठून उभा राहिला. मग आत गेला आणि स्वतः पाट घेऊन आला. सोनूबाईने काही बोलायला तोंड उघडलं तशी दुर्गाबाई म्हणाली, "आक्का, आज कोणी काय आणलं हे इचारायचं न्हाई. उद्या बी न्हाई."

बेबीनंदा ओवाळायला वाकली तेव्हा मी आणखी फाटले. मला पुन्हा कुणी नेसू शकणार नाही. एकच दिवस मी साडी होते.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर कपाट उघडा आणि आत पडून असलेलं कुणाला खरोखर लागणार आहे ते विचारा. ते त्याला द्या, बदल्यात कशाची वाट बघू नका. आणि 'सुट्टी नाही' म्हणणारी एखादी आत्या तुम्हालाही असेल, तर तिला फोन करा. म्हणा, आत्या, काही आणू नकोस, नुसती ये. पण लवकर म्हणा. मला उघडायला फार उशीर झाला.