शेजारणीचा शरमूला

मन्नूबियाने पेनाचे टोपण काढले, कागदावर हात टेकवला आणि टोपण परत लावून टाकले. ही तिसरी खेप.

"लेल्ला, एक सही तर करायचीय," सून नाजिहा म्हणाली. सासूला ती आदराने लेल्ला म्हणे. पुस्तकाच्या पाच प्रती सुतळीने बांधून ती उंबऱ्याशी उभी होती. "बाराची गाडी चुकली तर हे उद्या ट्युनिसला पोचत नाही. आणि उद्या शेवटचा दिवस."

"ती ओळ वाच पुन्हा."

"'या पुस्तकातील सर्व पाककृती माझ्या स्वतःच्या असून अन्य कोणाकडूनही घेतलेल्या नाहीत, असे मी प्रतिज्ञेवर सांगते.' सगळेच करतात हो सही. कोण बघतंय?"

कोण बघतंय ते मन्नूबियाला चांगले ठाऊक होते. तिने नुसते वर पाहिले.

देशाच्या ग्रंथपुरस्कारात यंदा पहिल्यांदाच स्वयंपाकाच्या पुस्तकांना जागा मिळाली होती. आजवर तिथे कवी जायचे, इतिहासकार जायचे. आता चौथीनंतर शाळेचे तोंड न पाहिलेली सफाक्सची एक बाई जाणार होती. चार वर्षे ती बोलत गेली आणि नाजिहा लिहीत गेली. रव्याच्या दाण्यांचा कुसकुस किती वेळ वाफवायचा असे विचारले की मन्नूबिया सांगायची, दर्ग्यातले मोठे स्तवन दोनदा म्हणून होईतो. मग नाजिहा घड्याळ लावून बसायची आणि सासू डोळे मिटून गायची. गाता गाता पातेल्याकडे लक्ष नसायचे, पण कुसकुस कधी बिघडला नाही. पुस्तक छापून आले त्या दिवशी मन्नूबियाने गल्लीतल्या प्रत्येक घरी बदामाची मिठाई पाठवली होती, एका घराखेरीज.

"अठ्ठ्याऐंशीवं पान माझं नाही," ती म्हणाली.

नाजिहाला पान उघडून बघावे लागले नाही. ईदच्या सकाळी खारवलेल्या माशाबरोबर खायचा शरमूला. कांदा आणि मनुका ऑलिव्हच्या तेलात दोन दोन दिवस मंद आचेवर आटवायच्या, आणि त्यात काय काय पडते ते ज्याच्या त्याच्या घरात राहायचे. सफाक्सची माणसे शेजाऱ्याकडे घराची किल्ली ठेवून जातात, शरमूल्याचे माप देत नाहीत.

"मग कुणाचं आहे?"

मन्नूबियाने हनुवटीने भिंतीकडे दाखवले.

"हल्लूमाचा? त्या तुमच्याशी बोलत नाहीत नऊ वर्षं. त्यांनी सांगितला तुम्हाला?"

"सलामाला उत्तर देत नाही ती, शरमूला सांगेल? ईदची ताटली येते ना. भांडणासाठी ताटली कुणी थांबवत नाही. तीस ईदा जिभेवर धरून धरून काढलाय मी तो."

"पान फाडू या?"

"बक्षिसाला फाटकं पुस्तक पाठवतेस?"

गेल्याच गुरुवारी दर्ग्यात गायकाने अमानतीवर, दुसऱ्याच्या आपल्याकडे असलेल्या ठेवीवर, गायले होते. उसनी आणलेली सुईसुद्धा त्या दारी विचारली जाईल, हे तो इतके आळवून आळवून सांगत होता की बायकांच्या बाजूला हुंदके फुटले, आणि सगळ्यांत आधी डोळे पुसले होते ते मन्नूबियाने. त्या वेळी अठ्ठ्याऐंशीवे पान तिच्या मनातही नव्हते.

ती उठली. डोक्यावरचा रुमाल सारखा केला, पायांत चपला सरकवल्या. "गठ्ठा घे. आणि पेन."

हल्लूमा अंगणात ओल्या बाकल्याच्या शेंगा सोलत बसली होती. दारात कोण उभे आहे ते पाहूनही तिचे हात थांबले नाहीत.

"वाट चुकलीस का कुणी गेलं?"

"दोन्ही नाही. पुस्तकाचं बोलायचंय."

"ऐकलंय. चार वर्षं भिंतीतून ऐकतेच आहे. आवाज अजून चांगला आहे तुझा. स्वयंपाकाचं मला माहीत नाही."

"तुझ्या लेकीच्या लग्नात कुसकुस कोरडा होता म्हटलं, तेवढं नऊ वर्षं पुरवलंस."

"कोरडा नव्हता."

"होता," मन्नूबिया म्हणाली आणि समोर जमिनीवरच बसली. "नाजिहा, वाच."

नाजिहाने गठ्ठा सोडून वरची प्रत उघडली आणि उभ्याउभ्याच वाचले. कांदा, काळ्या मनुकांचा गाळलेला रस, दालचिनी, लवंग, वाळलेल्या गुलाबकळ्या, जिरे, मिरी. तेल कडेने सुटेपर्यंतची वाट. हल्लूमाचे हात थांबले होते. वाचून झाल्यावर तिचे पोट हलू लागले. ती हसत होती, आवाज न करता.

"हा माझा नाही. कर सही आणि जा."

"चव तुझीच आहे. माझी जीभ चुकत नाही."

"जिभेला कोण नावं ठेवतंय? ताटलीत होतं ते सगळं बरोबर ओळखलंस. नव्हतं ते कुठून ओळखशील? शेजाऱ्यापाजाऱ्यांचं मी आधी काढून ठेवते. एक वस्तू मागाहून घालते, घरच्या हंडीत."

नाजिहा खाली वाकली. "झालं तर, लेल्ला. त्यांचा नाहीच हा, त्या स्वतःच म्हणतायत. पावणेबारा झाले."

मन्नूबियाने पेन हातात घेतले नाही. हल्लूमा तिच्याकडे रोखून बघत होती.

"आणि तू? मला पाठवायचीस त्या ताटलीत काय कमी असायचं?"

"दोन वस्तू."

"दोन," हल्लूमाने मान डोलावली, जणू तिचा हिशेब जुळला. "मग पुस्तकात तुझा घालायचास. तुझ्या सासूचा, तिच्या सासूचा. माझा कशाला घातलास?"

परातीत सोललेला बाकला हिरवागार पडला होता. मन्नूबियाने त्यातला एक दाणा उचलला, बोटांत फिरवला, परत ठेवला.

"तुझा चांगला लागायचा," ती म्हणाली.

बाहेरून एक हातगाडी खडखडत गेली. नाजिहाने सासूकडे पाहिले; चार वर्षांत असले वाक्य तिच्या वहीत एकदाही आले नव्हते.

"एक वस्तू कमी असून," हल्लूमा सावकाश म्हणाली.

"हो. कमी असून."

हल्लूमाने हात कमरेच्या फडक्याला नीट पुसले, एकेक बोट. मग ताठ बसली. "ट्युनिसची माणसं हे वाचून रांधणार, आणि म्हणणार, सफाक्सचा शरमूला तो हाच. अर्धवट. ते पेन आण इकडे."

तिचे अक्षर मोठे आणि शाळकरी होते. अठ्ठ्याऐंशीव्या पानाच्या समासात तिने लिहिले: रूमी मस्तकीच्या डिंकाचा हरभऱ्याएवढा खडा, साखरेच्या चिमटीबरोबर कुटून, आच बंद केल्यावर. लिहिताना तिचे ओठ हलत होते. मन्नूबियाने वाचले, डोळे मिटले आणि जीभ टाळूला लावली. कितीतरी वेळ तिने डोळे उघडले नाहीत.

"खरंच की," ती शेवटी पुटपुटली.

पाचही प्रतींत लिहून झाल्यावर मन्नूबियाने प्रतिज्ञेचा तो कागद मांडीवर घेतला. छापील ओळ तिने एका सरळ रेघेने खोडली आणि खाली लिहिले: अठ्ठ्याऐंशीव्या पानावरची पाककृती माझी शेजारीण हल्लूमा हिची, तिच्या संमतीने. बाकीच्या माझ्या. मग सही केली. नंतर कागद फिरवून शेजारणीपुढे धरला, आणि हल्लूमाने तिथेच बाजूला आपले नाव घातले.

"लेल्ला," नाजिहा गठ्ठा बांधता बांधता म्हणाली, "खाडाखोड त्यांना चालत नाही. नियमात लिहिलंय. परत पाठवतील."

"पाठवू देत," मन्नूबिया म्हणाली. "परत पाठवण्याआधी वाचतील ना?"