पेलण्यापुरतं बळ

पडदे शिवून देणारी ती बाई अंगाने इतकी बारीक होती, की थोरल्या बहिणीने तिचं नाव लहानपणीच ‘काडी’ पाडलं होतं. लग्नानंतर नवऱ्यानेही तेच उचललं. नवरा बेकरीत भट्टीवर होता. उंचापुरा गडी, पीठ मळून मळून खांदे दारात मावू नयेत असे झालेले. पाठीवर मैद्याचं पोतं घेऊन गोदामाचा जिना उतरताना तो पडला आणि कंबरेखालचं अंग लुळं पडलं. पायांत थोडी जान उरली होती, पण उभं राहण्याइतकी नाही.

तेव्हापासून त्याला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर ठेवायचं काम शेजारचा वायरमन करायचा. भला माणूस. कामावर जाताना उठवून जायचा, आल्यावर झोपवून जायचा. त्यामुळे वायरमन लवकर घरी आला की नवराही उजेडातच आडवा व्हायचा.

“आपली रात्र त्याच्या ड्युटीप्रमाणे होते,” तो म्हणायचा.

एका दुपारी न्हाणीघरात तो स्वतःहून खुर्चीतून सरकायला गेला आणि घसरून खाली बसला. लागलं फारसं नाही. पण काडीने काखेत हात घातले, पाय रोवले, जीव खाऊन ओढलं, तरी तो जागचा हलला नाही. वायरमनला फोन केला तर तो कुठेतरी खांबावर चढलेला, उचलेना. शेवटी तिने उशी आणली, चादर आणली आणि भिंतीला टेकून त्याच्या शेजारी बसली.

“फरशी गार आहे,” तो म्हणाला. “या उकाड्यात अशी जागा शोधून सापडायची नाही.”

ती हसली आणि हसता हसताच रडू लागली. वायरमन येईपर्यंत ती दोघं तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी ती गल्लीच्या टोकाच्या व्यायामशाळेत गेली. टायरच्या दुकानावरची लांबट खोली, एका भिंतीला आरसे. तिच्या गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती. आतल्या प्रशिक्षक मुलीला वाटलं, पडद्यांची मापं घ्यायला कोणी आलंय.

“मालक खाली आहेत, काकू.”

“मालक नकोत. मला अंगात ताकद आणायची आहे.”

“कशासाठी?”

“नवऱ्याला उचलायचंय.”

मुलगी हसली नाही. तिने त्याचं वजन विचारलं, हिचं काट्यावर बघितलं, मग विचारलं, “दिवसभरात खाता काय?”

“सकाळी चहा. दुपारी असेल ते. रात्री ह्यांचं झालं की उरेल ते.”

“काकू, कापड आणल्याशिवाय पडदा शिवता का तुम्ही?” मुलगी म्हणाली. “वजनं मी उचलून घेईन तुमच्याकडून. पण नुसती वजनं उचललीत आणि खाल्लं नाहीत, तर आहे तेही झिजून जाईल. मांस धरायचं तर आधी खायला लागेल. अंडी, दूध, मासे, चिकन, डाळी, शेंगदाणे. एकदम नाही जमलं तर थोडं थोडं, पण दिवसभर. आणि झोप पुरी.”

हे सगळं तिने घरी येऊन सांगितलं ते जरा गमतीनेच. नवरा मात्र मन लावून ऐकत होता.

“ते खाण्याचं माझ्याकडे लागलं,” तो म्हणाला.

घरच्या स्वयंपाकाला त्याने कधी हात लावला नव्हता. तिने कापड बेतायच्या बुटक्या टेबलावर शेगडी उतरवून दिली आणि तो खुर्चीत बसून रांधायला लागला. पहिले काही दिवस अंडी करपली, डाळ बुडाला लागली. मग हात बसला. शेंगदाण्याचं कूट आणि दुधाची पावडर घालून त्याने असा पाव भाजला, की वास घेत वायरमन बिनकामाचा आत आला.

पण तिच्या घशाखाली उतरेना. चार घास झाले की पोट तुडुंब. शिवाय हाताला जन्माची सवय; मोठा तुकडा आपोआप त्याच्या ताटात जायचा. तो परत तिच्या ताटात ठेवायचा.

“अगं, हे मी खाल्लं तर मी आणखी जड होईन. मग तुला आणखी खावं लागेल. संपायचं कधी हे?”

व्यायामशाळेत मुलीने तिला आधी नुसती दांडी धरून उठबस करायला लावली. पाठ ताठ, वजन अंगालगत, जोर मांड्यांचा. पहिल्या आठवड्यात तिला शिलाई मशीनचं पायडल मारवेना. जिना उतरताना ती कठड्याला धरून आई गं, आई गं करायची. काट्यावरचा आकडा तर हलायलाच तयार नव्हता. तिला वाटलं, पुरे झालं. मुलीने तिला त्या दिवशी उचलायला काही दिलंच नाही. शेजारी बसवून घेतलं आणि डब्यातली उकडलेली अंडी दोघींनी मिळून संपवली.

मग आकडा हलला. हळूहळू दांडीला चकत्या लागल्या, जमिनीवरून पोतं उचलणं आलं. पाण्याची भरलेली कळशी तिने एका हाताने ओट्यावर ठेवली आणि नंतर स्वतःच त्या हाताकडे बघत राहिली. बाह्या दंडाला काचू लागल्या, तशा तिने उसवून सैल केल्या.

थोरली बहीण भेटायला आली, तेव्हा तिच्या नजरेतून हे सुटलं नाही.

“काय गं हे? दंड बघ, पुरुषासारखे झालेत. या वयात शोभतं का?”

काडीने बाही ओढून घेतली आणि चहा टाकायला उठली. बहीण गेल्यावर नवऱ्याने खुर्ची जवळ घेतली.

“बाही वर कर.”

“असू द्या.”

“कर म्हणतो ना.”

तिने बाही सारली. त्याने दंडावर तळवा ठेवला, पीठ मुरलंय का ते बघताना ठेवायचा तसा, आणि हलकेच दाबला.

“माझ्या हातचं आहे हे,” तो म्हणाला. “झाकू नकोस.”

पुढे मुलीने सांगितलं, आता तयारी झाली, घरी येऊन पद्धत दाखवते. काडी आनंदात घरी आली. नवरा मात्र एकदम आडमुठेपणा करू लागला. वायरमन येतोय की. घाई काय आहे. मी घसरलो तर तुझ्याच अंगावर, तुझंही कंबरडं मोडलं तर काय करायचं.

तिने ऐकून घेतलं. मग आवाज चढला, जो सहसा चढत नसे.

“मग इतके महिने खाऊ कशाला घातलंत?”

त्याने शेगडी बारीक केली.

“मला भीती वाटते, ते खोटं नाही,” तो म्हणाला. “पण आणखी एक आहे. तू माझ्यासमोर बसून जेवतेस. आपण असं कधी जेवलोच नव्हतो. मी मध्यरात्री भट्टीवर, तुझी गिऱ्हाईकं संध्याकाळी. वाटलं, तुला एकदा उचलता आलं की हे संपेल. तू परत चहावर राहशील, आणि मी नुसता बसून.”

तिला हे मुळीच सुचलं नव्हतं. ती खाली बसली, त्याच्या गुडघ्याशी.

“अहो, उचलायचं काय एकदाच आहे? रोजचं आहे. मग खाणंही रोजच लागणार. सोडाल तर हे सगळं उतरेल, विचारा त्या मुलीला.”

“खरंच उतरतं?”

“भराभर.”

“मग ठीक आहे,” तो म्हणाला आणि डाळ ढवळायला लागला.

सुट्टीच्या दिवशी मुलगी आली, कंबरेला बांधायचा रुंद पट्टा घेऊन. वायरमन मागे उभा राहिला, लागलं तर असावं म्हणून. मुलीने पट्टा पलंगाच्या कडेला बसलेल्या नवऱ्याच्या कंबरेला आवळला, त्याचे पाय नीट ठेवले, काडीचे गुडघे त्याच्या गुडघ्यांना भिडवले.

“त्यांना उचलायचं नाही, काकू. पुढे झुकवायचं, अंगाशी घ्यायचं आणि आपण उठायचं. ते आपोआप येतील.”

काडीने पट्टा धरला. मांड्या ताठल्या, श्वास रोखला गेला, तो मुलीने सोडायला लावला. आणि नवरा उठला. पलंग सोडून वर आला, थरथरत तिच्या अंगावर रेलला आणि उभा राहिला.

तो इतका उंच आहे हे ती विसरूनच गेली होती. वर्षभर तिने त्याच्याकडे खालीच बघितलं होतं. आता तिचं कपाळ त्याच्या छातीशी आलं आणि त्याची हनुवटी तिच्या डोक्यावर. आता वळून खुर्चीत बसवायचं होतं, पण तो म्हणाला, “थांब जरा.”

“जमतंय का?” मुलीने विचारलं.

“जमतंय,” काडी म्हणाली. खरंच जमत होतं.

वायरमन उगाच दिव्याचं बटण न्याहाळू लागला.

“तुझ्या भांगात पांढरे केस आलेत,” नवरा वरून म्हणाला.

“बसा आता गुपचूप,” ती म्हणाली, आणि वळवून त्याला खुर्चीत बसवलं.

त्यानंतर वायरमन नुसता चहापावाला येऊ लागला. नवऱ्यानेही हातांचा व्यायाम धरला. त्याने पलंगाच्या कडेला जितका जोर दिला, तितका तिचा भार कमी. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं उभं राहिलात तर पायांना बरंच आहे. चालता येईल का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि या दोघांनीही खोदून विचारलं नाही.

आता दुपारची जेवणं झाली की ती त्याला खिडकीपाशी उभा करते. मुलीचं म्हणणं, जेवून लगेच नको, जरा थांबा. पण त्यांना तीच वेळ सोयीची. त्याला धरून ठेवायचं तर तिची पाठ रस्त्याकडे येते, म्हणून बाहेर काय चाललंय ते तो तिला सांगतो. टायरवाल्याने दुकानाला नवा रंग काढलाय. समोरच्या गच्चीवर कोणाचं तरी धुणं वाऱ्याने उडालंय. एक बाई छत्री मिटू का नको अशा विचारात उभी आहे.

“मग, मिटली का?” ती त्याच्या छातीशी तोंड ठेवून विचारते.

“अजून नाही,” तो म्हणतो. “थांब, सांगतो.”