वगळण्याचं कारण

सुरीसाहेबांनी आयुष्यात दोनच गोष्टींवर मनापासून प्रेम केलं: पित्तनळी आतड्याला जोडण्याचा स्वतः शोधलेला टाका, आणि समोरच्याचा पाणउतारा. सुरी हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, तेही हातावरून नाही, जिभेवरून. निवृत्तीनंतर हात थरथरायला लागले, जिभेची धार मात्र होती तशीच राहिली.

मुलगाही सर्जन झाला. बापाच्या मते जेमतेम. तो आता पित्तनळीच्या जोडकामावर आढावा-लेख लिहीत होता. जगभरच्या वैद्यकीय डेटाबेसांमधून आजवरचे सगळे अभ्यास शोधायचे, चाळायचे आणि कुठला टाका चांगला, ते एकदाचं सांगायचं. सुरीसाहेबांचा जुना पेपर त्यात आला, तर त्यांचा टाका पाठ्यपुस्तकात जाणार होता. नाही आला, तर तो त्यांच्याबरोबरच संपणार होता. म्हातारा त्या एका आशेवर सकाळी उठत होता, म्हटलं तरी चालेल.

शोध सुरू करण्याआधी कुठले अभ्यास घ्यायचे आणि कुठले वगळायचे, याचे नियम लिहून जाहीर करावे लागतात. एकदा जाहीर झाले की कुणाच्या सोयीसाठी त्यांना हात लावता येत नाही.

"नियम तुम्ही सांगा, बाबा," मुलगा म्हणाला.

साहेबांची कळी खुलली. त्यांच्या एका चेल्याने त्यांचाच टाका जरासा फिरवून स्वतःच्या नावावर खपवला होता. चेल्याचे दहातले दोन रुग्ण पुढच्या तपासणीला आलेच नव्हते, हे साहेबांना तोंडपाठ होतं. त्याचा काटा काढायची संधी अशी घरबसल्या चालून आली.

"लिही. दहात एकापेक्षा जास्त रुग्ण ज्याने हरवलेत, तो अभ्यास बाद. रुग्ण सांभाळता येत नाहीत त्यांनी पेपर कशाला लिहावेत?"

"फार कडक होतंय, बाबा," सून म्हणाली. ती भूलतज्ज्ञ.

"तू भूल दे गं. जागं राहायचं काम आमचं."

नियम जाहीर झाला. स्वतःच्या पेपरातलं एकही कोष्टक साहेबांना आठवत नव्हतं. परिषदेतल्या टाळ्या तेवढ्या आठवत होत्या. नको ते विसरायची कला त्यांना टाक्याइतकीच छान साधली होती.

मग शोध. पित्तनळीला आणि जोडकामाला देशोदेशीचे डॉक्टर जे जे म्हणतात, ते सगळे शब्द मुलाने जोडून टाकले. म्हातारा खुर्ची ओढून शेजारी. "माझ्या नावाने शोध की, लगेच सापडेल."

"माणसाच्या नावाने शोधत नाहीत, बाबा. आजाराच्या नावाने शोधतात."

हजारो लेख निघाले. एकच लेख चार-चार डेटाबेसांत सापडला होता, त्या जास्तीच्या प्रती काढून टाकल्या. उरलेले मुलगा आणि सून वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांना न सांगता, लेखकांची नावं झाकून चाळू लागले. म्हातारा चहाचा कप घेऊन दोन्ही दारांच्या मधे घुटमळायचा आणि चेहरे वाचायचा. दोघंही ताकास तूर लागू देत नव्हती.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर दोघांचे कौल एकत्र उघडले. चेल्याचा पेपर दोघांकडूनही बाद.

"गेला ना!" साहेब खदखदून हसले. त्यांना ठसका लागला, सुनेने पाणी दिलं.

पुढचा पेपर त्यांचा होता. तोही दोघांकडून बाद.

"नाव झाकलं होतं म्हणून झालं असेल," साहेब म्हणाले. "आता दिसतंय ना? मग बदल."

"नाव झाकलं तरी तुमचा टाका मी ओळखतो, बाबा. चाळीसातले नऊ रुग्ण पुढे आलेच नाहीत. नियम तुमचाच आहे."

"मग नियम बदल!"

"जाहीर झालाय."

"माझं खाऊन माझ्यावरच उलटलास? माझे हात तर तुला आले नाहीतच, निदान लाज तरी यायची!"

मुलाने हे लहानपणापासून ऐकलं होतं. त्याने फक्त जुना पेपर पुढे सरकवला.

"वगळलेल्या प्रत्येक अभ्यासापुढे कारण छापावं लागतं. तुमच्यापुढे काय छापू? इथे लिहिलंय, मृत्यू एकही नाही. न आलेले नऊ जण गाव सोडून गेले."

"गेले असतील. मी काय दारोदार हिंडायचं होतं?"

"त्यांत एक बाई आहे. वय छत्तीस, ऑपरेशन डिसेंबरात." मुलाचा आवाज शांत होता, आणि सुनेला त्या शांतपणाचीच भीती वाटली. "छत्तिसाव्या वर्षी आईचं ऑपरेशन तुम्हीच केलंत. डिसेंबरात. मार्चमध्ये ती गेली. पेपर त्यानंतर वर्षाने छापलात."

साहेबांनी पाण्याचा पेला बाजूला सारला. म्हणाले, "एका बाईवरून टाका वाईट ठरत नाही."

सून उठली आणि आतल्या खोलीत गेली.

"बाकीचे आठ?" मुलाने विचारलं. "ते कुठल्या गावाला गेले?"

मुलाने लॅपटॉप जवळ ओढला, तशी म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं. ज्या पोराला कधी शाबास म्हटलं नाही, त्याच्यापुढे सुरीसाहेब चक्क गयावया करायला लागले.

"ऐक ना रे. 'पुढची माहिती मिळाली नाही', एवढंच लिही. तेवढंच. मी पाया पडतो तुझ्या."

"माहिती मिळाली नाही कशी, बाबा? ती गेली तेव्हा तिच्या उशाशी आपण दोघंच होतो."

त्याने मनगट सोडवून घेतलं आणि कारण टाइप केलं: 'रुग्णाचा मृत्यू लपवला.' मग ते बरोबर आहे ना हे बघायला स्क्रीन बापाकडे वळवली.