वर्षभराचा दंड

तिसरीच्या वर्गात मोबाइलवर बंदी आली ती एका मासोळीमुळे. सायंप्रार्थनेचा शंख वाजून बेटावरचं सारं गाव डोळे मिटून बसलं होतं, आणि मोएलागीबाईंच्या पिशवीतून एक बारीक आवाज आला, "मासोळी म्हणाली, मी नाही येत."

गावचे प्रमुख तोइलोलो यांनी एक डोळा उघडला. दुसरा उघडायची गरज पडली नाही. शाळेत पुन्हा मोबाइल दिसला, तर बाईंच्या घराण्याला एक मोठं डुक्कर दंड.

ऑकलंडच्या नातेवाइकांनी पाठवलेले ते चार मोबाइल, चारही काचा तडकलेल्या. मुलं एकेक करून नीरफणसाखाली जात, धडा वाचून आवाज भरत, ऐकून तोंड वाकडं करत आणि पुन्हा वाचत. सिएनी वर्गात वर्षभर गप्प होती, कारण ती अडखळली की पोरं हसत. मोबाइल हसत नाही. धड्यातल्या मासोळीचा तो आवाज तिचाच होता.

सोमवारी सकाळी सभाघरात पंचायत भरली, तेव्हा बाईंनी केळीच्या पानावर अख्खं डुक्कर पुढे ठेवलं. तापल्या दगडांवर भाजलेलं, वाफाळतं.

"हे काय?" तोइलोलोंनी विचारलं.

"दंड, काका. वर्षभराचा."

"आणि गुन्हा?"

"घंटा झाली की करते."

पंचायतीच्या वतीने बोलायचा मान पाउलोंचा. ते खाकरले. "आधी गुन्हा, मग दंड. वाडवडिलांपासून असंच चालत आलंय."

"वाडवडिलांपासून हेही चालत आलंय, की पंचायतीने दंड खाल्ला की विषय संपला. पुन्हा काढायचा नाही."

पाउलोंच्या मेहुण्याची दोन भांडणं गावाने अशीच पचवली होती.

"आणि आम्ही नाही खाल्लं तर?" पाउलोंनी विचारलं.

"तर गार होईल."

"पोरी, आज तुझा बाप असता तर..." तोइलोलो म्हणाले.

"तर पाठीचा तुकडा त्याने आधी तुमच्यापुढे ठेवला असता. प्रमुखाचा मान." बाईंनी पान त्यांच्याकडे सरकवलं. "प्रार्थनेत मोबाइल बोलला, त्याची माफी मागते. वर्गात बोलतो, त्याची नाही मागत. सिएनी वाचायला लागलीय. ते वाईट झालं असं इथे कोणीही म्हणा, मोबाइल आत्ता समुद्रात टाकते."

सगळे डुकराकडे बघत राहिले.

शाळेची घंटा झाली. बसलेल्या वडीलधाऱ्यांपुढून जाताना वाकायचं असतं. बाई वाकल्या, पण निकालासाठी थांबल्या नाहीत. मैदान ओलांडून त्यांनी पिशवीतला पहिला मोबाइल काढला आणि उघड्यावर, साऱ्या पंचायतीच्या डोळ्यांदेखत, सिएनीच्या हातात दिला.

सभाघराला भिंती नव्हत्या. नीरफणसाखालचा आवाज थेट आत येत होता. सिएनी दुसऱ्याच ओळीला अडखळली, आणि पाउलो फिसकन हसले.

"गप्प बस," तोइलोलो म्हणाले. "आणि सुरी दे इकडे."