खेळायचे असतील तरच न्या

सीमा दुपारी लॅबमधून जेवायला घरी आली, तेव्हा फाटकाशी भंगारवाल्याचा गाडा उभा होता आणि गाड्यावर तिच्या नवऱ्याचे, किशोरचे खेळ होते. खोकी, जाडजूड पुस्तकं, रबर लावून गुंडाळलेले नकाशे. एका फुटलेल्या डबीतून रंगीत फासे सांडून गाड्याच्या फळीवर पसरले होते. भंगारवाला पुस्तकं काट्यावर चढवत होता.

"उतरवा ते," सीमा म्हणाली.

"बाई, साहेबांनीच त सांगतलं."

"साहेब गेले वर्षापूर्वी. ते बसले ते साहेबाचे भाऊ हायेत. उतरवा."

व्हरांड्यात खुर्चीवर चहा पीत बसलेले जानराव उठले. जानराव म्हणजे तिचे भासरे, किशोरचे मोठे भाऊ. नांदगाव खंडेश्वरला त्यांची शेती. किशोरच्या वर्षश्राद्धाला सगळे अमरावतीला आले होते, बाकीचे परतले, जानराव मात्र मागे थांबले होते. त्यांचा मुलगा अमोल इथल्या कोचिंग क्लासला येणार होता, आणि त्याच्यासाठी मागची, किशोरच्या खेळांची खोली त्यांनी मनातल्या मनात रिकामी करून टाकली होती. सीमाला विचारायचं राहून गेलं होतं.

"अवं, काय करशीन त्या पसाऱ्याचं?" ते म्हणाले. "तुले खेळता येते काय ते?"

"नाई येत."

"मंग?"

"मंग शिकीन. नाई त ज्याले येते त्याले देईन. पन रद्दीत नाई जाऊ देनार."

भर उन्हात तिने सगळी खोकी एकटीने आत नेली. भंगारवाल्याला वाईट वाटलं असावं, शेवटचं जड खोकं त्याने दारापर्यंत आणून दिलं. फासे तिने पदरात गोळा केले. जानराव तेवढा वेळ रस्त्याकडे पाहत उभे होते.

किशोर ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. हे खेळ त्याने परदेशातल्या मित्रांकडून, पुण्यामुंबईहून, जिथून मिळतील तिथून मागवले होते. दर रविवारी त्याचे मित्र जमायचे. एकजण गोष्ट सांगायचा, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. कोणी चोर, कोणी वैद्य, कोणी राजाची पळून गेलेली मुलगी. आणि पुढे काय होणार ते फासे टाकून ठरायचं. सीमा चहा घेऊन आत गेली की एखादं वाक्य कानावर पडायचं. "मी दार लाथेनं तोडतो," असं चाळिशीतला, टक्कल पडलेला बँकेचा माणूस गंभीरपणे म्हणायचा, आणि ती हसू दाबत बाहेर यायची.

किशोरचं हृदय अचानक थांबलं. मित्र तेराव्याला आले, रडले, आणि मग आले नाहीत.

आता सीमाने त्यांना एकेक करून फोन केले. खेळ तुमचेही होते, घेऊन जा म्हणाली. "वहिनी, आता सगळं मोबाइलवर मिळतं," एकजण म्हणाला. दुसऱ्याची बदली झाली होती, तिसऱ्याच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती. त्याच्याकडून नंबर मिळाला म्हणून पुण्याच्या एका गृहस्थांचा फोन आला. जुन्या पेटीतल्या एका खेळाची त्यांना फार वर्षं ओढ होती. म्हणाल ती किंमत देतो, म्हणाले.

"खेळता का तुम्ही?" सीमाने विचारलं.

"छे, छे. खेळल्यानं कोपरे खराब होतात. माझ्याकडे सगळं प्लास्टिकमध्ये सील करून ठेवलेलं असतं."

"मग नको," सीमा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्या संध्याकाळी तिने लॅबच्या ग्रुपवर, कॉलनीच्या ग्रुपवर आणि तिच्या जुन्या शाळेच्या ग्रुपवर एकच मजकूर टाकला. "किशोरचे खेळ द्यायचे आहेत. फुकट. अट एकच. आधी माझ्या घरी बसून एक डाव खेळायचा. खेळायचे असतील तरच न्या."

लोकांनी हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं पाठवली. कोणी विचारलं, बाळाला फाडायला चित्रांचं एखादं पुस्तक मिळेल का. कॉलनीतल्या एका काकांनी फासे म्हणजे जुगार, घरात ठेवू नयेत, असा सल्ला दिला. सीमाने त्यांना उत्तर दिलं, "या रविवारी येऊन बघा."

काका आले नाहीत. आकांक्षा आली. ती जवळच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती, आणि सोबत तिने खोलीतल्या मैत्रिणीला आणलं होतं. थोड्या वेळाने हेल्मेट काढत पौर्णिमा आली. ती अकोल्याची फिजिओथेरपिस्ट, मणक्याला मार लागलेल्या माणसांच्या एका वसतिगृहात काम करायची. मावसबहिणीकडे अमरावतीला आली होती, तिथे तिने तो मजकूर वाचला.

सगळ्याजणी टेबलाभोवती बसल्या आणि एकमेकींकडे पाहू लागल्या.

"खेळवणार कोण?" आकांक्षाने विचारलं.

"मला वाटलं तुम्हाला येतं," सीमा म्हणाली.

"आम्हाला वाटलं तुम्हाला."

पौर्णिमा हसायला लागली. सीमाने आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत त्यातलं सगळ्यात बारकं पुस्तक वाचलं होतं. निम्मं समजलं होतं. आता माघार घ्यायची तर भंगारवाल्याला हाक मारावी लागली असती. तिने चष्मा लावला आणि गोष्ट सुरू केली.

पुस्तकात बर्फाचा डोंगर होता. बर्फ तिने कधी पाहिला नव्हता, म्हणून तिने त्याचा मेळघाट केला. व्यापाऱ्यांचा एक तांडा मिठाची पोती घेऊन निघालेला. मधे नदी, नदीवर पूल, पुलाखाली एक राक्षसीण. तिचं इंग्रजी बोलणं पुस्तकात छापलेलं होतं, पण ते वाचायला गेल्यावर सीमाची जीभ अडखळली. तिने पुस्तक मिटलं आणि आजोळच्या आवाजात गरजली, "कोन चाललं वं वरून? माह्या पुलावर पाय ठेवाले कोनाले इचारलं?"

आकांक्षा दचकली, मग तिचे डोळे चमकले. "आमी मीठ विकतो, मावशी," ती म्हणाली. "तुमाले देऊ का थोडसं?"

"मीठ कायले पायजे मले? मी तुमालेच खाईन!"

हे वाक्य म्हणताना सीमा उभी राहिली होती, दोन्ही हात वर होते, आणि नेमके त्याच वेळी अमोलला आणायला गावी गेलेले जानराव दारात आले. मागे अमोल, त्याच्या खांद्यावर गादीची वळकटी.

 मग जानराव म्हणाले, "काय चालू हाये हे?"

"खेळून राहिलो," सीमा म्हणाली. तिने हात खाली घेतले.

"किशोरले जाऊन वर्ष झालं नाई त घरात हा तमाशा? रस्त्यावरून ऐकू येऊन राहिलं. बाईमानसानं असं वरडावं?"

"वर्ष झालं भाऊजी. वर्षभर या घरात आवाज नोता. टीवीचा सुदा नाई. कोनी विचाराले आलं काय, काहून आवाज येत नाई म्हनून?"

"लोक काय म्हनतीन?"

"लोकायले बोलावलं होतं मी. ते आले नाईत, या पोरी आल्या."

जानरावांनी पोरींकडे पाहिलं. पौर्णिमाने नमस्कार केला. त्यांनी तो घेतला नाही.

"अमोलले मागची खोली पायजे," ते म्हणाले.

"अमोलनं रहावं. समोरची खोली देते, जेवू घालते. माहा पुतन्या हाये तो. पन मागच्या खोलीतलं कपाट माह्या मर्जीनं रिकामं होईन. तुमच्या नाई."

"असल्या घरात माहा पोरगा नाई राहनार."

अमोलला राहायचं होतं की नाही, ते त्याला कोणी विचारलं नाही. तो वळकटी घेऊन आला तसाच वडिलांच्या मागे गेला. फाटक आपटल्याचा आवाज आला.

सीमा खाली बसली. तिने फासे मुठीत धरले.

"आम्ही निघू का, काकू?" आकांक्षाने हळूच विचारलं.

"कुठं निघता? पूल ओलांडायचा हाये अजून." तिने वीस बाजूंचा फासा आकांक्षापुढे सरकवला. "टाक."

त्या दिवशी तांड्याने पूल ओलांडला, अर्धं मीठ नदीत गेलं. राक्षसीण जिवंत राहिली. तिला मारायचं कोणाच्याच मनात आलं नाही. जाताना आकांक्षा जहाजांचा खेळ घेऊन गेली. पौर्णिमा गाडीवर काही नेऊ शकत नव्हती. "तुम्हीच घेऊन या ना अकोल्याला," ती म्हणाली. "माझ्या लोकांना तुमचं ऐकू द्या."

आठवडाभरात तिच्या जावेचा, जानरावांच्या बायकोचा, सुभद्राताईंचा फोन आला. जानराव जेवत नव्हते, म्हणे. घराण्यात बोलणं चालू होतं. "तू एकडाव माफी माग अन् मोकळी हो," त्या म्हणाल्या.

"कायची माफी मागू ताई? सांगा, मागते."

 सुभद्राताईंनी आवाज खाली आणून विचारलं, "राक्षसीण झालती म्हंते तू. खरं काय?"

"खरं."

"बाप्पा," सुभद्राताई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

दोन पिशव्या मांडीवर घेऊन सीमा एसटीने अकोल्याला गेली. वसतिगृहाच्या हॉलमध्ये पौर्णिमाने व्हीलचेअर टेबलाभोवती लावल्या होत्या. त्यात चंद्रभान म्हणून एकजण होता. खांबावर चढून विजेच्या तारा जोडायचा, तिथून पडला होता. त्याने पिशव्यांकडे पाहून तोंड फिरवलं.

"आमाले टाइमपास नाई पायजे बाई," तो म्हणाला. "इथं सारे टाइमपासच घेऊन येतात. केळं वाटतात, फोटू काढतात, जातात."

"मी फोटो काढत नाई," सीमा म्हणाली. "अन् हे वाटाले बी नाई आली. खेळसान तरच देईन."

"अन् नाई खेळलो त?"

"त वापस नेईन. मोठ्या मुश्किलीनं वाचवले हायेत मी हे. कोनाच्या बी गळ्यात नाई मारनार."

चंद्रभानने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "सांगा मंग," तो म्हणाला. "काय करा लागते?"

"आधी सांगा, गोष्टीत तुमी कोन? काही बी होता येते. घोडेस्वार व्हा, जादूगार व्हा. पळनारा, उडनारा, काही बी."

तो विचार करत बसला. शेजारची तानुबाई घाईने म्हणाली की ती दरोडेखोर होणार, आणि तिच्याकडे तलवार हवी. 

"माहा मानूस चालत नाई," तो शेवटी म्हणाला. "पांगळाच हाये. त्याले कोनी दुरुस्त करू नका, जादूनं बी नाई. पन त्याच्यापाशी बैलगाडी हाये, अन् त्याचे बैल कोनाच्या बापाले भेत नाईत."

"चालते," सीमा म्हणाली.

पुढे किल्ला आला, आणि बैलगाडी किल्ल्याच्या दारातून आत शिरू शकते की नाही यावर असं भांडण पेटलं की स्वयंपाकघरातल्या बाया बघायला आल्या. फासा पडला, गाडी दारात अडकली. तानुबाई चाकावरून उडी मारून आत गेली. चंद्रभान तोंडाने बैलांना हाकत होता, शिव्या देत होता, आणि सगळा हॉल त्याच्यासोबत ओरडत होता. पौर्णिमा कोणालाच शांत करायला गेली नाही. सीमा निघाली तेव्हा पुस्तक चंद्रभानच्या मांडीवर होतं आणि पुढच्या वेळी गोष्ट आपण सांगणार, असं तो सर्वांना बजावत होता.

हिवाळ्यापर्यंत बहुतेक खेळ गेले. काही शेंदूरजनाघाटच्या एका शिक्षिकेने नेले, तिच्या घरी संत्र्याचा हंगाम संपला की सगळी भावंडं जमायची. काहींना अजून कोणी भेटलं नव्हतं. ते कपाटात होते. आकांक्षा मैत्रिणींना घेऊन रविवारी येतच राहिली.

मग नांदगावला अमोलच्या बहिणीचं लग्न निघालं. पत्रिका आली, जानरावांचा फोन आला नाही. सीमा तरी गेली. जेवणाच्या पंगतीत मोरपंखी साडी नेसून बसली. समोरून माणिकबाई नावाच्या दूरच्या नणंदेने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय वं सीमा, किशोरचे ते खेळ गेले काय घरातून एकदाचे?"

वाढणाऱ्यांचे हात थांबले. पलीकडे जानराव पाहुण्यांना आग्रह करत होते, तेही थांबले.

"गेले बरेचसे. चांगल्या घरी गेले," सीमा म्हणाली. "थोडे हायेत अजून. तुमाले पायजेत काय, वन्सं? पन आधी खेळा लागन माह्यासंगं."

कोणीतरी हसलं. बहुधा सुभद्राताई. जानराव तडक मांडवाबाहेर निघून गेले. सीमाने भात मागून घेतला, त्यावर वरण घेतलं, आणि पंगत उठेपर्यंत सावकाश जेवली.