अर्धी गाडी

गल्लीत त्याला टक्के म्हणत. टॅक्सीवाला असूनही तो कधी कुणाला वेळ सांगत नसे, टक्के सांगे. "निघालो तेव्हा ब्याऐंशी होते, पोचलो तेव्हा एकोणसत्तर," एवढ्यात त्याचं प्रवासवर्णन आटपे. विजेवर चालणारी गाडी घेतल्यापासून माणूस असा झाला होता. त्याआधी तो मायलेज सांगायचा, म्हणजे मूळ स्वभाव तोच.

त्याची वहिनी बाहेरच्या खोलीत अंडी उबवी. कपाटाएवढं यंत्र, घरात त्याला पेटी म्हणत. आत चारशे ऐंशी अंडी आणि दारावर आतल्या तापमानाचा लाल आकडा. तो सदतीसच्या आसपास राहिला की घर आपापल्या कामाला लागे. मागची खेप वीज गेल्यामुळे वाया गेली होती. उसना आणलेला जनरेटर दोर ओढून ओढून दमवून गेला, पण सुरू झाला नाही. ट्रकवर निघताना तिचा नवरा शांतपणे म्हणाला होता, "ही खेप गेली तर पेटी विकून टाकू." तो ओरडला असता तर तिने मनावर घेतलं नसतं. शांतपणे म्हणाला, म्हणून घेतलं.

एकोणिसाव्या दिवशी, सोमवारी दुपारी बाराला, गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. पिल्लं एकविसाव्या दिवशी निघतात.

"परवा," खांबाखाली उभा राहून वायरमन म्हणाला.

"परवा नक्की?"

"ताई, परवाला नक्की लावायची पद्धत आमच्यात नाही."

ती तशीच दिराच्या दारात गेली. त्याच्या गाडीची वीज बाहेर काढता येते हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, कारण त्याने ते सगळ्या गल्लीला दाखवलं होतं. चार्जिंगच्या तोंडात अडॅप्टर लावायचा, त्यात घरची पिन खोचायची, झालं.

"भावजी, गाडीत किती आहेत?"

"एकाहत्तर. का?"

तिने का ते सांगितलं. सासूबाई, वायरमन आणि शेजारचे तिघे ऐकत होते. टक्केने छाती पुढे काढली. "घे वहिनी, काय लागेल ते घे. गाडी तुझीच समज."

चारचौघांत दिलेला शब्द घरी गेल्यावर माणूस उलगडून बघतो. पण ते पुढे.

वहिनीने वहीत मांडलं. गाडीत भरलेले चाळीस युनिट मावतात. पेटी दिवसाला साडेआठ युनिट खाते, म्हणजे एकवीस टक्के. दोन दिवसांचे बेचाळीस. उरले एकोणतीस. चार्जिंग स्टेशन अकरा किलोमीटरवर, चढ धरून आठ टक्के. हिशोब बसत होता, पण तो एकट्या पेटीचा होता. म्हणून तिने वायरीवर कागद चिकटवला: फक्त पेटी. पंखा नाही, टीव्ही नाही, इस्त्री नाही, फोनसुद्धा नाही.

"फोन केवढासा पितो गं?" सासूबाईंनी विचारलं.

"एकाचा लावला की गल्लीचे वीस येतील."

"मी गल्ली आहे का?"

"तुम्हाला नाही म्हटलं की गल्लीला नाही म्हणायला सोपं जातं, आई."

सासूबाई रुसल्या आणि दुपारभर बाहेर जाऊन बसल्या. कुठे, ते कुणी विचारलं नाही.

मंगळवारी बाराच्या सुमाराला पेटीतल्या पंख्याची घरघर थांबली. वहिनी भाजी चिरत होती. आवाज थांबल्याचं तिला विळीवर बसल्या जागी कळलं. लाल आकडा विझला होता. काचेतून पाहिलं, तर सात-आठ अंड्यांवर बारीक टवके उडाले होते. पिल्लांनी आतून चोच मारायला सुरुवात केली होती. आता दार उघडलं की ओल जाणार, आतलं पातळ कातडं पिल्लांच्या अंगाला चिकटून वाळणार आणि ती तिथेच अडकणार.

ती गाडीकडे धावली. गाडी नीट होती. समोरच्या पडद्यावर पन्नास टक्के होते आणि खाली एक ओळ: ठरवलेली मर्यादा आली, पुरवठा बंद.

टक्के कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये अर्ध्या गालाला साबण लावून बसला होता. ती दारात उभी राहिली. पायात दोन वेगळ्या जोड्यांच्या चपला होत्या.

"भावजी, पन्नासची मर्यादा कुणी लावली?"

न्हाव्याने वस्तरा बाजूला घेतला. अशा वेळी वस्तरा गळ्यापाशी असू नये एवढं त्याला कळत होतं.

"अर्धी तुझी, अर्धी माझी," टक्के पुटपुटला. "काल घरी जाऊन लावली."

"काल तर सगळी माझी होती."

"ते लोकांसमोर."

ती भांडली नाही. भांडायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढी तिच्याकडे नव्हती. "चला. फोन काढा आणि मर्यादा खाली घ्या."

टक्केने फोन काढला. काळा ठिक्कर. "कालपासून बंद आहे. फोन लावायचा नाही हा नियम कुणाचा?"

"माझा," ती म्हणाली. चूक अर्धी तिचीही होती. तिने ती तिथल्या तिथे मान्य केली आणि चालू लागली. अर्ध्या गालाचा टक्के मागोमाग.

गाडीच्या आतल्या बारीक भोकातून फोनला वीज मिळत होती, ती मर्यादेत येत नव्हती. पण वायर नव्हती. गिऱ्हाइकं फोन लावतात, टक्का जातो, म्हणून ती टक्केनेच काढून ठेवली होती आणि ठेवलेल्या जागी ती सापडेना.

सासूबाईंनी पदराखालून वायर काढली.

टक्केने ती घेतली आणि फोनला खोचली.

"काल दुपारी गाडीत बसून मालिका पाहिली," त्या म्हणाल्या. "तुझ्या कागदाला हात लावला नाही. कागद पेटीच्या वायरीवर होता."

फोन जागा होईपर्यंत सासूबाईंनी घरातल्या दोन रजया पेटीला गुंडाळल्या. वहिनीने वरची भोकं तेवढी उघडी ठेवायला लावली, आतल्यांना श्वास लागतो म्हणून. मग ती गाडीत दिराशेजारी बसली. फोनवर एक टक्का होता.

"का केलंत?"

"गुरुवारी दहाला आमच्या जुन्या मास्तरांना डायलिसिसला न्यायचं असतं. दोन वर्षांत एकदाही चुकलो नाही. वहीतला हिशोब बरोबरच असतो गं, पण मधे माणसं येतात. कुणी इस्त्री लावली, कुणी मिक्सर. मास्तर दारात उभे आणि माझी गाडी आडवी, असं नको."

"हे काल सांगायचं होतं. मास्तर वहीत धरले असते मी."

फोन उजळला. तो म्हणाला तीस, ती म्हणाली वीस, पंचविसावर ठरलं. पेटीची घरघर सुरू झाली तेव्हा लाल आकडा चौतीसवर होता. पन्नास मिनिटं गेली होती. वहिनीने वहीत लिहिलं: गुरुवार, मास्तर, चार्जरपर्यंत आठ टक्के. त्याखाली रेघ मारली आणि रेघेच्या खाली हिशोब उतरू द्यायचा नाही असं ठरवलं.

थंडावलेली अंडी रेंगाळली. बुधवारी दुपारी सगळी फुटायला हवी होती, ती संध्याकाळपर्यंत निम्मीच फुटली. खांबावरून वायरमन ओरडून म्हणाला, "ताई, अशा दहा गाड्या गल्लीत असत्या तर मी निवांत जेवून आलो असतो."

"आत्ताही निवांतच आहात," सासूबाई खालून म्हणाल्या.

गाडी सव्वीसवर आली होती. आणखी एका टक्क्याने पेटी पुन्हा बंद पडणार होती. वहिनीने मांडून पाहिलं. उद्या सकाळी सातला चौदा उरतील. आठ जाण्यापुरते, सहा वर. आकडा रेघेच्या वर होता. पण पंचविसावर दोघांचं ठरलं होतं आणि त्याला दुसऱ्यांदा मर्यादा खाली घ्यायला लावणं तिच्या जिवावर आलं. वही घेऊन ती उठलीच, तोवर टक्के समोर. हातात फोन, फोनला वायर.

"बारा केली," तो म्हणाला. "सातला निघतो. तासभर चार्ज केली की मास्तर दहाला वेळेत."

"मी विचारायलाच येत होते."

"माहीत आहे. म्हणून आधी आलो. तू वही उघडलीस की माझं काही चालत नाही."

गुरुवारी सकाळी पिवळ्या चिवचिवाटाने खोली भरली होती. सासूबाई पेटीसमोर स्टूल टाकून बसल्या होत्या. ही त्यांची नवी मालिका. शेवटचं पिल्लू कवचातून पाय सोडवून घेईपर्यंत त्यांनी कुणाला समोरून जाऊ दिलं नाही. वहिनीने वाळलेली पिल्लं मोजत मोजत खोक्यांत भरली, मोजणी दोनदा केली आणि बाहेर येऊन स्वतःच्या हाताने पिन काढली.

टक्के स्टिअरिंगवर बसला होता. एसी बंद, काचा खाली, गालावर दोन दिवसांची अर्धी दाढी.

"किती?" त्याने विचारलं.

"चारशे सात. तुमचे?"

"चौदा."

तो निघाला. चढापर्यंत त्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही. तेवढीही वीज त्याला मास्तरांसाठी राखायची होती. वहिनीने कागद सोडवला, 'फक्त पेटी'च्या खाली 'आणि मास्तर' असं लिहिलं आणि पुढच्या खेपेसाठी वहीत घालून ठेवला. नवऱ्याला कळवायला फोन हातात घेतला, तर तो बंद होता.

वीज दुपारी आली.